दिवेघाटानंतरची पट्टी

दिवेघाट चढताना गुडघा गप्प होता. दुखला तो रात्री सासवडला, राहुटीत खाली बसताना. वाटीच्या जरा खाली, बोट ठेवून दाखवता येईल अशी जागा. पुणे ते सासवड म्हणजे ३० किलोमीटरच्या वर चाल आणि त्यात घाट. शिवाय वारीत नुसतं चालणं नसतं. समोरची माउली आपल्या पाया पडते, आपण तिच्या. दिवसभर असं वाकणं चालूच असतं, आणि आता डावा गुडघा वाकायला तयार नव्हता.

सासवडला पालखीचा मुक्काम दोन रात्री असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी सेवेच्या तंबूत गेले. तिथल्या फिजिओथेरपिस्ट मुलीने वाटी दाबून पाहिली, मला एका पायावर अर्धं बसायला लावलं. सूज नव्हती, गुडघा अडकत नव्हता, चालताना लचकत नव्हता. "यातलं काही असतं तर पट्टी लावलीच नसती माउली, गाडीत बसवलं असतं." मग विचारलं, "पायाला तेल लावलंय?" रात्रीच चोळलं होतं. तिने पाय साबणाच्या पाण्याने पुसून कोरडा केला. तेलकट कातडीवर ही पट्टी धरत नाही.

कायनेसिओ टेप म्हणतात तिला. क्रेप बँडेजसारखी ती आवळत नाही. सुती कापडात लवचिक धागे, मागे गोंद, आणि ताणली जाते ती फक्त लांबीत. जपानच्या डॉ. केन्झो कासे यांनी १९७०च्या दशकात तयार केलेली. मुलीने पट्टीचे कोपरे कात्रीने गोल केले, नाहीतर ते साडीत अडकून सुटतात. गुडघा वाकवून वाटीच्या दोन्ही बाजूंनी एकेक पट्टी लावली. मधल्या भागाला थोडा ताण, टोकांना अजिबात नाही. टोकं ताणून चिकटवली तर तिथेच कातडी ओढून फोड येतात. मग तळव्याने चोळत राहिली, कारण गोंद उबेने धरतो. "आता तासभर घाम येऊ देऊ नका."

उठले तर दुखणं निम्म्यावर. पट्टीने गुडघा धरून ठेवलाय, असंच मी म्हणाले. तिने ते लगेच खोडलं. "ती काही धरत नाही, माउली. कातडीला स्पर्श जाणवत राहतो, बहुधा त्यामुळे दुखणं कमी वाटतं. फायदा थोडा, तोही थोडे दिवस. बरं वाटलं म्हणून चाल वाढवू नका."

जेजुरी, वाल्हे नीट गेलं. तिसऱ्या दिवशी मी तिचं बोलणं विसरले. नीरेच्या स्नानानंतर पुढच्या दिंडीच्या पावलाने चालले आणि लोणंदला पोहोचेपर्यंत गुडघा ठणकायला लागला. पट्टी जागेवरच होती. पाण्यानेही सुटली नव्हती, मी ती घासून न पुसता नुसती टिपून घेतली होती.

तरडगावला ती काढली. वरून तेल लावून थांबले, मग कातडी एका हाताने दाबत, केसांच्या दिशेने हळूहळू. आमच्या राहुटीतल्या एका बाईंनी एकदम ओढून काढली, तर पोटरीवर लालभडक पट्टा उठला. दुसऱ्या एकीने ती फुटलेल्या फोडावरच चिकटवली होती. तिला मी तंबूत घेऊन गेले. उघड्या जखमेवर किंवा पुरळावर ही पट्टी लावायची नसते. माझ्याही कातडीला जरा खाज होती, म्हणून ती पूर्ण जाईपर्यंत पाय मोकळा ठेवला. फलटणनंतरचा एक टप्पा दिंडीच्या गाडीत बसून काढला. डोळ्यांत पाणी आलं, पण बसले.

नातेपुत्यात दुसरी पट्टी माझी मी लावली.

वेळापूरच्या अलीकडे धावा असतो. उतारावरून सगळी दिंडी पंढरीच्या ओढीने धावत सुटते. त्या दिवशी गुडघा अजिबात दुखत नव्हता, आणि म्हणूनच मी कडेला झाले. पताका, तुळशी, मृदंग समोरून धावत गेले. एक आजी थांबल्या, माझा हात धरला. "चल माउली, आपण सावकाश." टाळ वाजवत आम्ही दोघी उतार उतरलो.