झडप कोणती, हे रस्त्याने ठरवले

नागपुरातील एका सरकारी रुग्णालयात मी वैद्यकीय समाजसेवा अधीक्षक आहे. पदनाम भारदस्त असले तरी माझा बराचसा दिवस रेशनकार्ड तपासण्यात, योजनेची मंजुरी आली का ते पाहण्यात आणि परतीच्या भाड्याची सोय लावण्यात जातो. गरीब रुग्णांच्या मोठ्या शस्त्रक्रिया महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून होतात, त्यामुळे ‘उपचार मोफत आहेत’ हे वाक्य आमच्या तोंडी बसले आहे. गडचिरोली जिल्ह्यातले भामरागड ते नागपूर हे साडेतीनशे किलोमीटरांच्या आसपासचे अंतर त्या वाक्यात धरलेले नाही, याचा हिशेब एका डिसेंबरातल्या सकाळी माझ्या टेबलावर मांडला गेला.

रुग्ण विशीतली माडिया आदिवासी स्त्री होती. लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने तिच्या हृदयाची डावीकडची झडप आखडली होती आणि गळतही होती, त्यामुळे फुग्याने ती उघडून भागणार नव्हते, बदलावीच लागणार होती. तिच्यासोबत नवरा होता आणि दीरही होता, कारण घरात मराठी नीट येत होते ते आश्रमशाळेत शिकलेल्या दिरालाच. एका रुग्णामागे तीन माणसांचा प्रवास होतो, तो असा.

‘शस्त्रक्रियेनंतर दर महिन्याला तपासणीला यायला जमेल का?’ एवढेच विचारून ठेवायला हृदयशल्यचिकित्सकांनी मला सांगितले होते. उत्तरादाखल नवऱ्याने कमरेची प्लास्टिकची पिशवी काढली. आतापर्यंतच्या फेऱ्यांची एसटीची सगळी तिकिटे त्याने जपून ठेवली होती, कारण दवाखाना भाडे देतो असे त्याला कोणीतरी सांगितले होते. यंत्रातून निघणारी ती गुळगुळीत तिकिटे घामाने आणि उन्हाने पुसली गेली होती आणि सर्वांत जुन्यांवर तर एक अक्षरही उरले नव्हते. गावापासून भामरागडपर्यंत जीपने यावे लागते आणि जीपवाला तिकीट देत नाही. शिवाय योजनेत परतीचे भाडे मिळते ते दाखल झालेल्या रुग्णाला घरी जाताना, एकदाच. तपासणीच्या फेऱ्या त्यात बसत नाहीत, हे त्याला समजावताना मलाच अवघडल्यासारखे झाले.

मग आम्ही कागदावर हिशेब केला. बायकांना २०२३ पासून एसटीत अर्धे तिकीट असल्याने तिचे थोडे वाचत होते. तरी तिघांचे जाणे-येणे, जीप, मधल्या मुक्कामाचे खाणे मिळून एक फेरी चार हजारांच्या घरात जात होती, आणि तिघांची बुडालेली मजुरी वेगळी. तेंदूपत्त्याच्या हंगामातले मोजके दिवस त्यांना वर्षाची रोकड देतात. तेव्हा एखादी फेरी आली तर नुकसान किती, हे दिराने मला न विचारताच सांगितले. शेवटी तो म्हणाला, “पैसे एकवेळ उसने आनू मॅडम, पन पावसाळ्यात पर्लकोटा नदीले पूर येते. रस्ताच बंद रायते, मंग कसं येनार?”

हे मी शल्यचिकित्सकांना सांगितले तेव्हा त्यांनी फाईल बंद केली आणि तिघांनाही आत बोलावले. धातूची झडप दीर्घकाळ टिकते, पण ती बसवल्यावर रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. गोळीचे प्रमाण ठरवायला आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते पाहणारी रक्ततपासणी, नियमित व्हावी लागते. रक्त दाट राहिले तर गुठळी होऊन झडप अडकते आणि जास्त पातळ झाले तर रक्तस्राव होतो. प्राण्याच्या ऊतीपासून केलेल्या झडपेला जन्मभराची गोळी बहुधा लागत नाही, मात्र तरुण वयात ती लवकर झिजते आणि दहा-पंधरा वर्षांत, कधी त्याआधीही, पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. दीर एकेक वाक्य माडियात सांगत होता. तोवर गप्प असलेल्या तिने एकच प्रश्न विचारला : गोळी चालू असताना मूल होऊ देता येईल का? ती गोळी गर्भाला, विशेषतः पहिल्या महिन्यांत, घातक ठरू शकते, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. त्यानंतर तिघांनी व्हरांड्यात बराच वेळ आपसांत बोलून ऊतीची झडप निवडली. शहरातल्या रुग्णाला कदाचित दुसरा सल्ला मिळाला असता, आणि तोही बरोबरच असता.

ऊतीच्या झडपेनंतरही तिला पहिले तीन महिने ती गोळी घ्यायची होती. म्हणून शस्त्रक्रिया जानेवारीत ठेवली, म्हणजे तपासण्या तेंदूपत्ता आणि पाऊस या दोन्हींच्या आधी संपतील. संधिवाताच्या तापासाठी दर तीन आठवड्यांनी घ्यायचे पेनिसिलिनचे इंजेक्शन गावाजवळच्या आरोग्य केंद्रात मिळावे, यासाठी मी पत्र दिले. गरीब रुग्ण निधीतून प्रवासखर्च मागणारी माझी टिपणी मात्र ‘निधी औषधे व तपासण्यांसाठी आहे’ या शेऱ्यासह परत आली. नियमाने तो शेरा चूक नव्हता. अखेर तिचे रक्त गडचिरोलीत तपासायचे आणि आकडा फोनवर कळला की डॉक्टरांनी गोळीचे प्रमाण सांगायचे, असे ठरले. त्यामुळे निम्मा रस्ता वाचला. भामरागड ते गडचिरोली या उरलेल्या निम्म्या रस्त्याचे भाडे कोणत्याच खात्यात बसले नाही, ते त्यांनी त्या वर्षीची मोहफुले विकून भरले.