घरात बंदूक ठेवायला भीती नाही वाटत?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: वाटते.

देवगड तालुक्यातल्या आमच्या घरी बंदूक आहे हे कळलं की मुंबईचे पाहुणे, बँकेतल्या मॅडम, लेकीच्या सासरची माणसं, सगळी फिरून फिरून हेच विचारतात. त्यातून ती माझ्या नावावर आहे म्हटल्यावर भुवया आणखी वर जातात. सासऱ्यांच्या नावावर होती, मग आमच्या ह्यांच्या, आणि हे गेल्यावर माझ्या. परवाना शेतीसंरक्षणाचा. 1959 च्या शस्त्र कायद्यात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेखच आहे. आंबा, काजू, नारळ, भात, यातलं काहीही करणाऱ्याला वानर आणि डुक्कर काय चीज आहे ते सांगावं लागत नाही.

पुढचा प्रश्न ठरलेला असतो. 'चोर आला तर उपयोगी पडेल, नाही का?' अहो, ठासणी भरून होईपर्यंत चोर चहा पिऊन कप विसळून जाईल. नळीत आधी दारू, मग काथ्याची गुंडी, गजाने ठासायचं, मग छर्रे, वर पुन्हा गुंडी, आणि शेवटी घोड्याखाली टोपी, जिच्या ठिणगीने दारू पेटते. पावसाळ्यात दारू सर्दाळते, खाऱ्या वाऱ्याने नळीला गंज धरतो. एवढं करून बार निघाला तर निघाला. मी छर्रे भरतच नाही. नुसता आवाजाचा बार. वानर मारायला 1972 च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे, डुकरासाठी वनखात्याची परवानगी लागते, आणि वानरावर नेम धरायला आमच्याकडे हातही उचलत नाही. वानरही शहाणे. काठी घेऊन गेलं तर फांदीवर बसून बघत राहतात, बंदूक दिसली की कलमं सोडतात, आणि दुपारी आपण जेवायला बसलो की परत हजर.

भीतीची जागा या ठासणीतच आहे, आणि ती बाहेरच्या माणसाला दिसत नाही. काडतुसाची बंदूक मोडून काडतूस काढून घेता येतं. ठासणी एकदा भरली की ती रिकामी करायचा सोपा मार्ग एकच, बार काढणे. रात्री राखणीला गेलेला माणूस पहाटे दमून घरी येतो. जनावर आलेलं नसतं, बंदूक भरलेली असते. झोपलेल्या वाडीत बार कोण काढणार? मग ती तशीच भिंतीवरच्या खुंटीला जाते. शहाणा माणूस निदान टोपी काढून ठेवतो. सगळेच शहाणे नसतात, आणि मे महिन्यात घर पोराटोरांनी भरलेलं असतं.

दुसरी जागा रात्रीच्या शिकारीची. बेकायदा असते हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी होते. चार-पाच जण, डोक्याला बॅटऱ्या, कोणी थोडी घेतलेली. एक जण वाट सोडून झाडीत शिरतो, पानं हलतात, दुसऱ्याला डुक्कर वाटतं. असल्या बातम्या रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या आमच्या दोन्ही जिल्ह्यांतल्या पेपरांत अधूनमधून येतात. मेलेला आणि मारणारा बहुतेक वेळा एकाच वाडीतले, एकमेकांच्या लग्नात जेवलेले असतात. मथळा मात्र असा, की वाचणाऱ्याला टोळीयुद्धच आठवावं: 'गोळीबाराने तालुका हादरला'. बंदूक कोणाची होती, परवाना होता का, ती दुसऱ्याच्या हातात कशी गेली, हे शेवटच्या ओळीपर्यंत येत नाही.

म्हणून सिनेमे, बातम्या, मोबाइल यांनी बंदुकीचा हिंसाचार वाढतो का, असं विचारता तेव्हा माझं म्हणणं जरा वेगळं पडतं. सिनेमा बघून पोरं बिघडतात हे मला पुरतं पटत नाही. तसले सिनेमे आणि खेळ जपानातही बघतात-खेळतात, पण तिथे पिस्तूल सामान्य माणसाला मिळतच नाही आणि बंदुकीने माणसं फार क्वचित मरतात. 2022 साली शिंझो आबेंना मारणाऱ्याला बंदूक घरी बनवावी लागली. अमेरिकेत माणसांपेक्षा बंदुका जास्त आहेत, आणि तिथे काय होतं ते आपण टीव्हीवर बघतोच. 2012 मध्ये सँडी हूकच्या शाळेत 20 मुलं गेली, 2022 मध्ये युव्हाल्डीत 19. पण टीव्हीवर जे दिसत नाही ते असं की अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. त्याला ब्रेकिंग न्यूज नसते.

माध्यमांचा दोष नाही असं नव्हे. मारणाऱ्याचा फोटो, त्याचं नाव, त्याने काय लिहून ठेवलं, हे दिवसभर दाखवलं की असल्याच कुणाला तरी ती वाट सापडते. 2019 मध्ये क्राइस्टचर्चच्या मशिदींत 51 माणसं मारणाऱ्याने पहिल्या मशिदीतला हल्ला थेट प्रक्षेपित केला होता. न्यूझीलंडच्या तेव्हाच्या पंतप्रधान जसिंडा आर्डर्न म्हणाल्या, मी त्याचं नाव घेणार नाही. आपल्याकडच्या वाहिन्यांना एवढं जमलं तरी पुष्कळ.

आणि रील्स. आमच्याकडे वानर हाकायला कार्बाइडच्या वायूने बार काढणारी पाइपची बंदूक हल्ली बरेच जण वापरतात. आवाज मोठा, परवान्याची कटकट नाही. 2025 च्या दिवाळीत भोपाळ आणि आसपास तीच चीज फटाका म्हणून पोरांच्या हातात गेली, कारण मोबाइलवर तिचे व्हिडिओ फिरत होते. बार निघाला नाही म्हणून पोरं नळीत डोकावली आणि तेवढ्यात तो निघाला. कितीतरी मुलांच्या डोळ्यांना इजा झाली, काहींची दृष्टी गेली. शेतातली वस्तू शेतातून उचलून दाखवली की असं होतं. ती कुठल्या दिशेला धरायची, कधी हात लावायचा नाही, हे अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओत मावत नाही.

गेल्या शिमग्याला पुतण्याचा मित्र आला. ओटीवर बसल्या बसल्या म्हणाला, "काकी, बंदूक जरा भायर काडा मगे, एक फोटो काडतंय. स्टेटसाक लावतंय." मी म्हटलं, "बाबा, परवानो माजो आसा, तुजो न्हय. तुज्या हातात दिलंय तर पोलीस पयलो माका बोलवतले." तो हसला. त्याला वाटलं काकी कंजूष. कायद्यात मात्र ते तसंच आहे, परवान्यावर ज्याचं नाव नाही त्याच्या हाती शस्त्र देणं हा गुन्हा.

मी काय करते ते सांगते, हवं तर घ्या. बंदूक लोखंडी कपाटात, दारू आणि टोप्या दुसऱ्या खोलीत, दोन्ही किल्ल्या माझ्याकडे. भरलेली बंदूक उंबऱ्याच्या आत येत नाही. जनावर आलं नाही तरी बार बागेतच काढायचा, वाडी उठली तर उठली. घरात कोणी प्यायलेलं असेल, सामायिक जमिनीवरून भावाभावांत शब्द वाढला असेल, तर तेवढे दिवस कपाटाची किल्ली घरातसुद्धा नसते. आंब्याचं वर्ष बुडालं, कर्जाचा हप्ता थकला, माणूस बोलेनासा झाला, तर त्या घरातून बंदूक आधी हलवावी, समजूत मागाहून घालावी. शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे ठेवता येतं, पावती मिळते. हे गेले तेव्हा परवाना माझ्या नावावर होईपर्यंत बंदूक ठाण्यातच होती. पोलीस पाटलांनी नियम म्हणून जमा करायला लावली तेव्हा मला राग आला होता. त्या महिन्यांत ती घरात नव्हती हे बरंच झालं, एवढंच म्हणेन.

निवडणुकीचा राग मात्र अजून जात नाही. आचारसंहिता लागली की कोणाची बंदूक जमा करायची ते ठरवणाऱ्या छाननी समितीचा आदेश ज्याला येईल त्याने ती जमा करायची. 2024 ला लोकसभेचं आमचं मतदान 7 मे रोजी, म्हणजे हापूस झाडावर आणि बंदूक ठाण्यात. गुन्हा दाखल असलेल्यांच्या, धमक्या देणाऱ्यांच्या बंदुका काढून घ्या, जरूर घ्या. भजनाला जाणाऱ्या म्हाताऱ्याची ठासणी नेऊन लोकशाही किती सुरक्षित होते ते मला कळत नाही. पण आदेश आला की मी देऊन येते.

परवान्याचं नूतनीकरण पूर्वी तीन वर्षांनी होतं, 2019 च्या दुरुस्तीनंतर पाच वर्षांनी. पुढच्या वेळी मुलाला विचारलं तर तो नको म्हणेल. त्याला सौर कुंपण घालायचं आहे. घालू दे.

तुमच्यापैकी ज्यांची गावची घरं वर्षभर बंद असतात त्यांच्यासाठी एक. आजोबांची बंदूक माळ्यावर किंवा माजघरातल्या खुंटीला असेल आणि परवाना आजोबांबरोबरच गेला असेल, तर ती आठवण म्हणून ठेवता येत नाही; विनापरवाना शस्त्र बाळगणं होतं ते. गणपतीला याल तेव्हा तिला स्वतः हात लावू नका, भरलेली असू शकते. पोलीस पाटलांना सांगा, ठाण्यात जमा करा, पावती घ्या. वारसाला परवाना हवा असेल तर अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे करायचा, म्हणजे सिंधुदुर्गवाल्यांनी ओरोसला.