कॅलिफोर्नियाहून आलेल्या टी-२ वेस्टफालियाला जर्मनीत 'एच' नंबरप्लेट: माझा अनुभव

'एच' ही जर्मनीत ऐतिहासिक गाड्यांना मिळणारी खास नंबरप्लेट, आणि वेस्टफालिया म्हणजे टी-२च्या आत झोपण्या-स्वयंपाकाची सोय बसवणारी कंपनी. १९७१च्या मॉडेलची फोक्सवॅगन टी-२ कॅम्पर हातात आली की सगळ्यांना आधी रंग सुचतो. मी आधी एम-प्लेट शोधतो. पुढच्या सीटमागे ठोकलेल्या या छोट्या पत्र्यावर मूळ रंग, फॅक्टरीत बसवलेले पर्याय, बांधणीची तारीख आणि गाडी कुठल्या बाजारासाठी निघाली, हे सगळं सांकेतिक आकड्यांत असतं. चासी नंबर २३१ने सुरू व्हायला हवा: २३ म्हणजे कोम्बी (टी-२चा एक बॉडी-प्रकार), १ म्हणजे १९७१. इंजिनाच्या कप्प्यात कोरलेला नंबर, ही पट्टी आणि अमेरिकन टायटल (मालकीचा कागद), तिन्ही जुळले तरच पुढे पैसे घालायचे. संग्राहकही हेच बघतो. पट्ट्या नव्या बनवून मिळतात, म्हणून जाणकार तिचे रिव्हेटसुद्धा तपासतो.

कस्टम्सचं गणितही याच मूळपणावर चालतं. तीस वर्षांपेक्षा जुनी, मूळ अवस्थेतली, उत्पादन बंद झालेल्या मॉडेलची गाडी संग्राह्य वस्तू ठरली तर ड्यूटी शून्य आणि आयात व्हॅट ७ टक्के. नाही ठरली तर १० टक्के ड्यूटी आणि वर १९ टक्के व्हॅट. सुबारूचं इंजिन टाकलेली 'स्वस्त' गाडी इथेच महाग पडते.

आता पत्रा. कॅलिफोर्नियाची गाडी कोरडी असते हे खरं, पण उन्हाने काचांची रबरं तडकलेली असतात. जर्मनीतल्या पहिल्या पावसाळी हिवाळ्यात पाणी रबराखालून आत झिरपतं, काचेची खालची चौकट खातं आणि सिलमध्ये, म्हणजे दारांखालच्या पोकळ पट्टीत, साचतं. सिल तीन थरांचं असतं: आतलं, मधलं आणि बाहेरचं. अनेक 'रिस्टोअर्ड' गाड्यांत फक्त बाहेरचा थर नवा असतो. वरून सुंदर, मधला थर चाळणी. लोहचुंबक फिरवून पुट्टी ओळखता येते, पण खरं कळतं ते खालून, जॅक लावायच्या जागा आणि आडव्या आउटरिगर्सपाशी (चासीपासून सिलपर्यंत जाणारे आधार). बॅटरीचा ट्रे आणि पुढच्या चाकांच्या कमानीही बघाव्यात.

सिल कापण्याआधी दारांच्या उघड्या चौकटींत लोखंडी पट्ट्या आडव्या वेल्ड करून बॉडी जखडायची, फटींची मापं लिहून ठेवायची आणि एका वेळी एकच बाजू कापायची. हे टाळलं की बॉडी वाकते आणि सरकता दरवाजा पुन्हा नीट बसत नाही. सलग वेल्ड मारू नये. लांब-लांब ठिपके द्यावेत, नाहीतर पत्रा तापून वेडावाकडा होतो. पोकळ्यांत मेण रंगानंतर भरायचं, आधी नाही.

१६०० सीसी इंजिन तुलनेने सोपं. पुली आत-बाहेर ढकलून क्रँकशाफ्टचा एंड-प्ले (पुढे-मागे हलण्याची ढिलाई) मोजा, ०.१५ मिमीच्या वर गेला तर इंजिन उघडावं लागणार. व्हॉल्व्ह गॅप थंड इंजिनवर ०.१५ मिमी, तेल अडीच लिटर. मूळ रचनेत तेलाला फिल्टर नाही, नुसती जाळी आहे, त्यामुळे तेल बदलण्यात आळस नको. इंजिनाभोवतीचं रबर सील फाटलं असेल तर खालची गरम हवा पंखा पुन्हा ओढतो आणि इंजिन तापतं. पेट्रोलच्या सगळ्या नळ्या न बघता बदला. या गाड्या जळतात त्या बहुतेक इथूनच.

अमेरिकन मागचे इंडिकेटर लाल असतात, ते नारिंगी करावे लागतात. सीलबंद हेडलॅम्पच्या जागी ई-खूण (युरोपीय मान्यतेची खूण) असलेले दिवे लागतात. गॅसवर चालणारी शेगडी असेल तर तिची वेगळी तपासणी. रेग्युलेटरचा दाब शेगडीच्या पाटीवरच्या मिलिबारशी जुळला पाहिजे, कारण जुनी जर्मन उपकरणं ५०ची आणि नवी ३०ची.

'एच'साठी तपासनीस वाहतूकयोग्यतेसोबत मूळपणा आणि निगा बघतो. त्या काळी होत असलेले बदल चालतात. सोलर पॅनल आणि छतातल्या एलईडी पट्ट्या आधीच काढलेल्या बऱ्या. झिजलेला मूळ रंग चालतो, आरपार गंज नाही. प्लेट मिळाली की वार्षिक कर सरसकट १९१.७३ युरो आणि शहरांतल्या पर्यावरण-क्षेत्रांत (जिथे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांना बंदी असते) मोकळीक.

भाव मात्र प्लेटमुळे फार चढत नाही. आधीच्या पिढीतल्या, तेवीस खिडक्यांच्या टी-१ सांबाचा तोरा निराळा. टी-२ मध्ये किंमत असते ती वेस्टफालियाच्या मूळ प्लायवुड कपाटांना, सिंकला, टेबलाला. म्हणून काढलेले लाल दिवे आणि मैलांचा स्पीडोमीटर भंगारात देऊ नका. खोक्यात भरून, कामाच्या फोटोंच्या फाइलसोबत ठेवा. गिऱ्हाईक ते खोकं मागतंच.