लो-कार्ब म्हणजे त्यात घालता तरी काय?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आमच्या ठाण्यातल्या नौपाड्याच्या भिशीला मी अव्होकाडोचं डिप नेलं की कुणीतरी हमखास विचारतं, "यात लो-कार्ब काय घातलंयस गं?"

काही नाही! लो-कार्ब म्हणजे कमी कार्ब, अर्थात कमी कर्बोदकं, आणि हे फळच मुळात तसं आहे. 100 ग्रॅम गरात साडेआठ ग्रॅमच्या आसपास कार्ब, आणि त्यातलं साडेसहा-सात ग्रॅम नुसतं फायबर. साखर नावापुरती. गडबड होते ती शेजारच्या नाचोजच्या, म्हणजे मक्याच्या चिप्सच्या बशीत. जेमतेम 30 ग्रॅम, म्हणजे बोलता बोलता संपणारी मूठ, आणि कार्ब अठरा-वीस ग्रॅम. म्हणून मी सोबत काकडीच्या जाड चकत्या, मुळा आणि सिमला मिरचीच्या फोडी ठेवते. नवऱ्याची साखर वाढल्यापासून घरात हाच नियम आहे. तो कुरकुरतो, पण खातो.

खरं कौशल्य फळ निवडण्यात आहे. जांभळी नाक्यावर मी देठाची टिकली नखाने उडवून बघायचे. खाली हिरवं असेल तर फळ चांगलं, तपकिरी असेल तर आत डाग निघण्याची शक्यता जास्त. एकदा फळवाला वैतागून म्हणाला, "मावशी, टिकली काढलेलं फळ दुसरं कोण घेणार?" बरोबरच होतं त्याचं. तेव्हापासून घ्यायचं ठरवलेल्या फळाचीच टिकली काढते. कडक निघालं तर तांदळाच्या डब्यात, सोबत एक केळं. आंब्याची अढी घालणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. गंमत म्हणजे हे फळ झाडावर पिकतच नाही, तोडल्यावरच मऊ पडायला लागतं.

हे डिप म्हणजे ग्वाकामोले, मूळचं मेक्सिकोचं, आणि तिकडेही दगडी खलात वाटायची रीत आहे. मग आपला खलबत्ता काय वाईट? एक हिरवी मिरची, कोथिंबिरीच्या काड्या, मीठ आणि चिमूटभर जिरं आधी कुटून घ्यायचं. दोन फळांचा गर वाटीच्या बुडाने ठेचायचा, थोडे गोळे राहू द्यायचे. वर अर्धं लिंबू आणि बारीक कांद्याचा एक चमचा. टोमॅटो मी घालत नाही, पाणी सुटतं. दाटपणा हवा असेल तर दोन चमचे चक्का, पण बिनसाखरेचा. श्रीखंडासाठी साखर मिसळलेला त्यात ढकलू नका.

मिक्सर लावायचा नाही. एकदा लावला, तर फेसाळ लगदा झाला आणि तासाभरात राखाडी पडला. हवा लागली की गर काळवंडतो, लिंबाच्या आंबटपणाने ते लांबतं. बी डिपमध्ये रोवून ठेवली की काळं पडत नाही असं म्हणतात. ठेवून बघा, बीखालची तेवढीच जागा हिरवी राहते. मी स्टीलच्या लहान डब्यात गच्च दाबून भरते आणि पृष्ठभागाला चिकटेल असा प्लॅस्टिकचा कागद लावते. दुसऱ्या दिवशी वरचा पातळ थर खरवडला की खाली हिरवंगार.

लो-कार्ब म्हणजे कितीही खा, असं मात्र नाही. 100 ग्रॅममध्ये 15 ग्रॅम चरबी आहे. पोटॅशियमही भरपूर, त्यामुळे आईचं क्रिएटिनिन (मूत्रपिंडं नीट काम करतात का ते सांगणारा रक्तातला आकडा) वाढल्यापासून तिला मी चमच्याच्या टोकावर चवीपुरतंच देते. ती म्हणते, "एवढ्याशासाठी मला हाक मारलीस?"