टक्क्यापुढची दोन अक्षरं

दर गुरुवारी रिलीजच्या आधी आमच्याकडे एक यादी निघते. कुठल्या ब्रँच (कोडच्या समांतर शाखा) अजून उघड्या आहेत, शेवटचा हात कुणी लावला, कधी लावला, मागच्या टॅगनंतर (टॅग म्हणजे रिलीजला लावलेली खूण) काय काय आत गेलं. हे सगळं गिटमधलं, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या टूलमधलं. तीन रेपो (कोडचे साठे), तीन स्क्रिप्ट आणि तिन्ही लिहिणारे वेगळे. एकीत तारीख आकड्यांत, दुसरीत वारासकट, तिसरीत 'थ्री डेज अगो'. क्यूएमधल्या (तपासणी विभागातल्या) ताई हे सगळं हाताने एक्सेलमध्ये जुळवत बसायच्या. एका बुधवारी त्या वैतागून म्हणाल्या, "तुम्ही तिघं एकाच ऑफिसात बसता ना?" त्या दिवशी हे काम माझ्या गळ्यात पडलं.

सगळ्यात जुनी स्क्रिप्ट आधी उघडली. ती 'गिट ब्रँच'च्या आउटपुटवर लूप फिरवून प्रत्येक नावासाठी 'गिट लॉग' (बदलांचा इतिहास दाखवणारी कमांड) चालवत होती. खाली 'ग्रेप'ची (नको त्या ओळी गाळणाऱ्या कमांडची) एक लांबलचक ओळ होती. रीडमी वगळा, मेकफाइल वगळा, डॉकरफाइल वगळा. ब्रँचच्या यादीतून फाइली वगळायची वेळ का यावी? कारण 'गिट ब्रँच' चालू ब्रँचच्या आधी चांदणी छापतं. ती चांदणी अवतरणांशिवाय शेलच्या (कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) हाती लागली की शेल तिचा अर्थ 'या फोल्डरमधल्या सगळ्या फाइली' असा लावतो. गंमत म्हणजे 'गिट लॉग'ला फाइलचं नाव दिलं तरी तो कुरकुरत नाही, त्या फाइलला शेवटचा हात लावणारा कमिट (नोंदवलेला बदल) मुकाट्याने दाखवतो. म्हणजे रीडमी नावाची ब्रँच, तिचा लेखक, तिची तारीख, सगळं रीतसर यादीत. नवीन फाइल आली की कुणीतरी त्या ग्रेपमध्ये एक शब्द वाढवायचं. दोन वर्षं असंच चाललं होतं. मी हसलो, पण त्यातले दोन शब्द माझेच निघाले.

ठरवलं की फॉरमॅट एकच ठेवायचा आणि तो सगळीकडे वापरायचा. मला लॉगची भाषा पाठ होती. %एएन म्हणजे लेखकाचं नाव, %एडी म्हणजे तारीख, %एस म्हणजे कमिटची पहिली ओळ. तीच ओळ उचलून 'फॉर-ईच-रेफ'ला, म्हणजे ब्रँच आणि टॅगची यादी देणाऱ्या कमांडला, दिली. एका हुकुमात सगळ्या ब्रँच येणार, लूप नको, चांदणी नको.

आउटपुटमध्ये %एएन जसंच्या तसं छापलं गेलं. %एससुद्धा. ते ठीक, त्याला ही भाषा कळत नसेल. पण मधलं %एडी गायब होतं आणि त्या जागी चौकटीतलं प्रश्नचिन्ह, प्रत्येक ओळीत.

आमच्याकडे काही कमिटचे संदेश मराठीत असतात, त्यामुळे पहिला संशय एन्कोडिंगवर (अक्षरं बाइटांत लिहायच्या पद्धतीवर) गेला. लोकेल बदलून पाहिलं, टर्मिनल बदललं, फाँट बदलला. अख्खी दुपार गेली. शेवटी आउटपुट हेक्स डंपमध्ये टाकलं, म्हणजे प्रत्येक बाइट ०-९ आणि ए-एफ या सोळा अंकांत लिहून पाहिला, तर तिथे एकटाच एक बाइट बसला होता: एडी. हेक्समधला एडी, दशमानात १७३. मग मॅन्युअल नीट वाचलं. 'फॉर-ईच-रेफ'मध्ये टक्क्यापुढे दोन हेक्स अंक आले की तो त्या क्रमांकाचा बाइट छापतो. %०९ म्हणजे टॅब, %०० म्हणजे नल. आणि ए, डी ही दोन्ही अक्षरं हेक्स अंक आहेत! मी तारीख मागत होतो आणि ते बिचारं सांगितल्याबरहुकूम १७३ नंबरचा बाइट देत होतं. यूटीएफ-८ मध्ये तो बाइट एकटा उभा राहू शकत नाही, म्हणून प्रश्नचिन्ह. %एएनमधला एन हेक्समध्ये बसत नाही, म्हणून ते सुटलं. लॉगमध्ये टॅब हवा असेल तर मात्र %एक्स०९ लिहायचं.

एकाच टूलमध्ये दोन बोली कशा, तर त्या वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या गरजेतून आल्या. गिट २००५ चं. 'फॉर-ईच-रेफ' २००६ मध्ये आलं, लॉगचा मनाजोगता फॉरमॅट २००७ मध्ये. एकाने कंसातली लांब नावं घेतली, %(ऑथरनेम), %(सब्जेक्ट) अशी. दुसऱ्याने एकदोन अक्षरांत भागवलं. पुढे 'कॅट-फाइल'ने (गिटमध्ये साठवलेल्या वस्तू दाखवणाऱ्या कमांडने) आपलं तिसरं छोटं दुकान मांडलं. एकत्र करायचं काम हळूहळू झालं. २०१५ च्या गूगल समर ऑफ कोड या विद्यार्थ्यांच्या उपक्रमात 'ब्रँच', 'टॅग' आणि 'फॉर-ईच-रेफ' या तिघांखाली एकच यंत्रणा घालायला घेतली गेली, म्हणून आज तिघांना 'सॉर्ट' आणि 'फॉरमॅट' हे पर्याय सारखेच देता येतात. 'ब्रँच'ला 'फॉरमॅट' मिळायला मात्र २०१७ उजाडलं. २०२१ मध्ये 'कॅट-फाइल'लाही त्यात ओढायचा प्रयत्न झाला, तो वेगापाशी अडला. लॉग अजून स्वतंत्रच नांदतोय.

हे वाचल्यावर मी एक चूक केली, प्रोग्रामर हमखास करतो तीच. भाषांतरकार लिहायला बसलो. लॉगचा फॉरमॅट द्या, कंसातला घ्या. दोन दिवस त्यात गेले. %एई आणि %(ऑथरईमेल) एकच असं मी धरून चाललो होतो. एकच नाहीत. लॉग ईमेल नुसता देतो, दुसरा टोकदार कंसांसकट देतो. एक्सेलमधलं व्हीलुकअप (ईमेलवरून माणूस शोधणारं सूत्र) त्या कंसांवर आपटलं आणि अर्धी टीम 'अनोळखी' झाली. कंस काढायला 'ट्रिम' आहे, पण ते २०२० च्या उत्तरार्धातलं आणि आमच्या बिल्ड सर्व्हरवर त्याच वर्षीच्या जानेवारीतलं गिट २.२५. माझ्या लॅपटॉपवर चाललं, तिथे चालेना. एकाच माणसाची दोन नावं एकत्र करणारी मेलमॅपची सोय तर कंसवाल्या भाषेत २०२३ मध्ये आली. भाषांतरकार फेकून दिला. सर्व्हरवरचं गिट नवं करून घेतलं, त्याला मंजुरीपासून इन्स्टॉलपर्यंत नऊ दिवस लागले. त्याबद्दल न बोललेलं बरं.

टॅगचं प्रकरण वेगळंच. आमचे रिलीजचे टॅग संदेशासकट केलेले, हॉटफिक्सचे (तातडीच्या दुरुस्त्यांचे) घाईघाईत केलेले हलके, म्हणजे बिनसंदेशाचे. संदेशवाल्या टॅगवर %(ऑथरनेम) विचारलं तर उत्तर रिकामं येतं, कारण टॅगला लेखक नसतो, टॅगर असतो. हलक्यावर उलटं. मग फॉरमॅटमध्येच 'इफ', 'देन', 'एल्स' लिहिलं: टॅगर असेल तर तो, नसेल तर लेखक. तारखेपुरतं %(क्रिएटरडेट) दोघांनाही चालतं, तेवढं एक बरं केलंय. रकाने जुळवायला %(अलाइन)ही आहे, पण देवनागरी संदेश आला की काना-मात्रांवरून टर्मिनल आणि गिट यांचं पटत नाही आणि रकाना सरकतो. मी टॅबवर आलो.

शेवटी नियम असा केला: जिथे यादी ब्रँचची किंवा टॅगची आहे तिथे फक्त 'फॉर-ईच-रेफ', एकच फॉरमॅट, एका फाइलीत. लॉग फक्त 'मागच्या टॅगनंतर काय गेलं' एवढ्यासाठी. सव्वाशे ब्रँचसाठी सव्वाशे वेळा लॉग उठवणारा लूप गेला, यादी पापणी लवेपर्यंत येते. ग्रेपची ती ओळ मी स्वतः पुसली.

पहिल्या गुरुवारी ताईंनी यादी पाहिली. खूष होत्या. मग म्हणाल्या, "तारीख उलटी का आहे रे? आधी दिवस हवा."

"एका जागी बदललं की झालं," मी म्हणालो आणि %(कमिटरडेट)पुढे फॉरमॅट जोडला. यादीचा वरचा भाग सुलट झाला. खालचा, लॉगवाला, तसाच उलटा. तिथे तारखेचा फॉरमॅट %एडीच्या आत देताच येत नाही, वेगळा 'डेट' पर्याय लागतो. तो दुसऱ्या फाइलीत जाऊन लिहिला.