थुंकलेला दाणा

आजही माझ्या ॲरोवाना माशाने तयार खाद्याचा दाणा तोंडात घेतला आणि थुंकला. दाण्याची सवय लागावी म्हणून मी त्याला उपाशी ठेवतेय. आई मागूनच म्हणाली, "अगं, किती उपाशी मारशील? दोन गोल्डफिश टाक की." तेव्हापासून कशात लक्ष लागत नाहीये. घरात मीच एक दगडाच्या काळजाची. सगळ्यांना तसं वाटतंय ते सोसेन, पण आता मलाही वाटायला लागलंय.

उपास कुठवर चालतो ते मला पाठ आहे. दहा इंची धडधाकट ॲरोवाना आठवडाभर सहज काढतो. चार इंचांच्या आतलं पिल्लू दोन दिवसांच्या वर ठेवायचं नाही. पोट आत गेलं, डोक्यामागची पाठ बारीक दिसली, की हट्ट सोडून पोटभर कोळंबी द्यायची. याचं पोट सपाट आहे, खचलेलं नाही. तरी तो काचेशी येऊन थांबला की या माहितीचा काडीचा आधार वाटत नाही.

गोल्डफिश मात्र नाही म्हणजे नाही. त्याच्यात थायमिनेज नावाचं एन्झाइम असतं, ते बी-1 जीवनसत्त्व मोडतं. महिनोन्महिने तेच खाल्लं तर माशाचा पोहताना तोल जायला लागतो. वर व्हाइट स्पॉट आणि अँकर वर्म हे परजीवी टाकीत येतात. हिप्परग्याच्या तळ्यातली बारकी मासळी त्याच भीतीने नको आणि रानातले नाकतोडे फवारणीमुळे नकोत. दुकानदार काहीही म्हणू दे. आईलाही हे सांगितलं असतं, पण परवाचं ते अजून... जाऊ दे.

मग उरतो तो सावकाशीचा रस्ता. जिवंतावरून मेलेल्यावर, मेलेल्यावरून दाण्यावर. कोळंबीचं साल आणि धागा काढायचा, नखाएवढा तुकडा करायचा, त्याला चीर देऊन आत एक दाणा दाबायचा. चिमट्यात धरून पाण्याच्या अगदी वरच्या थरात हलवायचा. ॲरोवानाचं तोंड वरच्या बाजूला उघडतं, तळाला गेलेलं तो सहसा उचलत नाही. तीन-चार वेळा बिनतक्रार गिळलं की कोळंबी पातळ करत जायची. शेवटी नुसता दाणा, कोळंबीच्या रसात काही सेकंद बुडवलेला. जास्त भिजला तर बुडतो, कोरडा राहिला तर कडक लागतो आणि बाहेर येतो. ऑस्कर मासा हे फार लवकर शिकतो, ॲरोवाना छळतो.

पाणी 28 ते 30 अंश हवं. थंडीत ते 24 च्या खाली उतरलं की भूकच मंदावते, तेव्हा हीटरशिवाय हे सुरूच करू नये. उन्हाळ्यात उलट, भूक असते पण गरम पाण्यात ऑक्सिजन कमी, म्हणून एअर पंप बंद ठेवायचा नाही. न खाल्लेला तुकडा दहा मिनिटांत जाळीने बाहेर. आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येतं. कोळंबी सडून अमोनिया वाढला तर बदलायला पाणी आणायचं कुठून? उपासापेक्षा तो अमोनिया लवकर जीव घेतो.

हे सगळं लिहून काढताना जरा श्वास मोकळा झाला. आधी तो दाण्याकडे वळतही नव्हता. आता तोंडात धरतो, चाखतो, मग टाकतो. चाखतोय म्हणजे वास ओळखीचा झालाय, अडतंय ते कडकपणापाशी. एवढं कळलं तर उपास लांबवायची गरजच नाही, दाणा मऊ करायला हवा. त्याला उपाशी बघणं मला जड जातं, आणि ते तसंच जड जाणार, हे आता मान्य आहे.

उद्या नळाला पाणी आहे. पिंपं भरून घ्यायची, क्लोरीन काढून टाकीचं पाव पाणी बदलायचं. संध्याकाळी थोडी कोळंबी द्यायची, पोट रिकामं ठेवायचं नाही. मग परवा दाणा निम्मा कापून, रसात थोडा जास्त वेळ ठेवून, चिमट्यानेच वर धरून बघायचा. आईला चिमटा धरायला सांगेन.