गोळीचं बिल कुणाच्या नावावर?

शुगरच्या गोळ्यांचं जुनं गिऱ्हाईक बिल मागत नाही. "राहू दे हो, कशाला तो कागद," म्हणत स्ट्रिप पिशवीत टाकतं आणि निघतं. कराडात मेडिकल चालवताना हे रोजचंच. पण परवा एका निवृत्त गुरुजींचा मुलगा पुण्याहून आला आणि वडिलांची सगळी जुनी बिलं मागू लागला.

गुरुजींना लघवीतून रक्त गेलं होतं. तपासण्या झाल्या, मूत्राशयाचा कॅन्सर निघाला. पुण्याच्या डॉक्टरांनी चालू असलेल्या गोळ्या बघितल्या. त्यातल्या एकीत ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनच्या जोडीला पायोग्लिटाझोन होतं. घरात तिला सगळे नुसतं 'शुगरची गोळी' म्हणत. तिच्यात तीन औषधं आहेत, हे मुलाला तेव्हा कळलं. रात्रभर मोबाइलवर वाचून तो आला होता. "दादा, अमेरिकेत लोकांना करोडो मिळालेत म्हणे. आपल्याला केस करता येईल का?"

मिळाले, हे खरं. पायोग्लिटाझोन मूळचं जपानच्या ताकेदा कंपनीचं, ॲक्टोस या नावाचं. मूत्राशयाच्या कॅन्सरच्या धोक्याबद्दल पुरेसं सावध केलं नाही, असे हजारो दावे तिकडे झाले. 2014 मध्ये लुइझियानातल्या ज्युरीने ताकेदा आणि तिची भागीदार एली लिली यांना मिळून 9 अब्ज डॉलरचा दंड ठोकला. न्यायाधीशांनी पुढे तो काही कोटींवर आणला, पण ती बातमी फारशी फिरली नाही. 2015 मध्ये ताकेदाने चूक मान्य न करता सुमारे 2.4 अब्ज डॉलरची तडजोड केली.

आपल्याकडची गोष्ट मला दुकानामुळे लक्षात आहे. जून 2013 मध्ये केंद्राने पायोग्लिटाझोनची विक्री थांबवली. माल बाजूला काढून ठेवला. गिऱ्हाइकं विचारायची, "मग इतकी वर्षं काय खात होतो आम्ही?" जुलैच्या अखेरीस बंदी उठली, पण अटींसह: हे पहिल्या पसंतीचं औषध म्हणून द्यायचं नाही, मूत्राशयाचा कॅन्सर असलेल्याला किंवा पूर्वी होऊन गेलेल्याला द्यायचं नाही, लघवीतून रक्त जातंय आणि कारण शोधलेलं नाही, अशालाही नाही. हे चौकटीत छापायचं ते माहितीपत्रकावर. आणि ते पत्रक गिऱ्हाइकापर्यंत पोचतं का? आपल्याकडे दहा गोळ्यांची स्ट्रिप जाते, कधी तीही अर्धी कापून. कापताना बॅच नंबरचा तुकडा दुकानात राहिला, तर रुग्णाकडे उरतं काय?

कोर्टाचं म्हणाल तर आपल्याकडे 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. सदोष वस्तूमुळे इजा झाली तर उत्पादकाकडून भरपाई मागता येते, आणि पुरेशी सूचना न देणं हाही त्यात दोषच. तक्रार ग्राहक राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगात करता येते, ऑनलाइनही. मुदत दोन वर्षांची. उशिराचं सबळ कारण पटवलं तर आयोग तो माफ करू शकतो. इथवर ऐकून मुलाचा चेहरा खुलला.

पण त्याच कायद्याचं कलम 87 वाचा. जी वस्तू तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच वापरायची, तिची सूचना उत्पादकाने वाजवी मार्गाने त्या तज्ज्ञाला दिली असेल, तर सूचना अपुरी होती म्हणून उत्पादकाला धरता येत नाही. चिठ्ठीवरची गोळी नेमकी यातच बसते. कंपनी म्हणणार, आम्ही डॉक्टरांना कळवलं होतं. मग प्रश्न डॉक्टरांवर येतो: लघवीबद्दल विचारलं होतं का, आधी दुसरी औषधं देऊन पाहिली होती का? डॉक्टरांच्या सेवेतल्या त्रुटीसाठीही ग्राहक आयोगात जाता येतं, 1995 पासून सर्वोच्च न्यायालयाचा तसा निकाल आहे. मात्र निष्काळजीपणा दाखवावा लागतो. नुसता आजार झाला एवढं पुरत नाही. मला विचाराल तर कलम 87 मधली ही सवलत आपल्या देशात कंपनीला फार स्वस्तात सोडते. डॉक्टरांकडे रुग्णाला मिळतात मोजकी मिनिटं.

दुसरी अडचण गुरुजींची विडी. तंबाखू हे मूत्राशयाच्या कॅन्सरचं मोठं कारण. समोरचा वकील पहिलं बोट तिथेच ठेवणार. शिवाय अभ्यासही एकमताचे नाहीत. 2015 च्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात ठोस वाढ दिसली नाही. 2016 मध्ये तिथल्याच औषध प्रशासनाने धोका वाढू शकतो, हा इशारा कायम ठेवला. डोस आणि वर्षं वाढतील तसा धोका वाढतो, असं काही अभ्यास सांगतात. म्हणजे किती मिलिग्रॅम, किती वर्षं, हे दाखवणं आलं. म्हणजे बिलं आली!

माझ्या कॉम्प्युटरवर गुरुजींच्या नावाची बिलं निघाली, डॉक्टरांच्या नावासकट. मधली काही वर्षं ते दुसऱ्या दुकानातून गोळ्या घेत. तिथली बिलं 'कॅश' या नावावर. ती गुरुजींचीच कशावरून?

त्याला मी जुन्या चिठ्ठ्या, लॅबचे रिपोर्ट आणि हॉस्पिटलची कागदपत्रं लेखी अर्ज करून मागवायला सांगितली. नियमाप्रमाणे डॉक्टरांनी ती 72 तासांत द्यायची असतात. 1800-180-3024 या टोल फ्री नंबरवर दुष्परिणामाची नोंदही करायला लावली. गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगाच्या या योजनेचा रुग्णांसाठीचा फॉर्म मराठीतही आहे. औषधामुळेच झालं हे तिथे सिद्ध करावं लागत नाही. त्यातून पैसे मिळत नाहीत, पण 2013 सारखे निर्णय घ्यायला सरकारपुढे आपल्या लोकांची माहिती तरी असते.

तुमच्या स्ट्रिपवर पायोग्लिटाझोन दिसलं तर घाबरून गोळी परस्पर बंद करू नका, शुगर भडकेल. लघवी लाल होतेय का, पाय सुजतात का, दम लागतो का हे डॉक्टरांना सांगा. हे औषध अंगात पाणी साठवतं, अशक्त हृदयाला ते झेपत नाही. बायकांमध्ये हाडं मोडण्याचं प्रमाणही वाढतं.

मुलगा साताऱ्याच्या वकिलांना भेटून आलाय. कंपनीवर दावा लावायचा की नाही, हे कागद बघून ठरवू म्हणालेत. गुरुजींची आता दुसरी गोळी चालू आहे, आणि बिल मुलाच्या व्हॉट्सॲपवर जातं.